घरात काहीच नाही, असे म्हणण्यापूर्वी

‘आज घरात भाजीच नाही’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी बहुतेक घरांत ऐकू येते. पावसाने झोडपलेले असते, आठवडी बाजाराला दोन दिवस अवकाश असतो, किंवा कामावरून परतायलाच रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. फ्रिजच्या खालच्या खणात सुकलेल्या दोन मिरच्या आणि अर्धे लिंबू एवढाच ऐवज उरलेला असतो. मग नूडल्सचे पाकीट फोडले जाते, फरसाण आणि चहावर भागवले जाते, नाहीतर मोबाइलवरून काहीतरी मागवले जाते.

त्याच घरातल्या फडताळात मात्र ज्वारी-बाजरीचे पीठ असते, तांदूळ असतो, बेसन आणि मूगडाळ असते, डब्याच्या तळाशी मूठभर मटकी असते. दाणे, तीळ, चिंच, आमसूल तर असतेच. गावाकडे कुंपणाला शेवगा टेकलेला असतो, मांडवावर दोडका लोंबत असतो, न्हाणीच्या पाण्यावर अळू फोफावलेला असतो. शहरातल्या गॅलरीतही कढीपत्ता, पुदिना किंवा मेथीची एखादी कुंडी सापडते. म्हणजे घरात काहीच नसते असे नाही, ठरलेले काही नसते. जे आहे त्यातून जेवण उभे करण्याची सवय सुटल्यामुळे भरलेले डबेही रिकामे वाटू लागले आहेत.

या सुटलेल्या सवयीचा थेट संबंध आरोग्याशी आहे. केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये केलेल्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात पेये, प्रक्रिया केलेले आणि तयार खाद्यपदार्थ या गटावरचा खर्च खाण्यापिण्याच्या सर्व गटांत सर्वाधिक निघाला. ग्रामीण कुटुंबांच्या एकूण मासिक खर्चात त्याचा वाटा ९.६२ टक्के, तर शहरी कुटुंबांत १०.६४ टक्के होता. गावातही भाज्या, डाळी किंवा धान्य यांपैकी कोणत्याही एका गटापेक्षा तयार खाण्यावर जास्त पैसे जात आहेत.

दुसरीकडे रक्तक्षयाचे आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ आणि ५४ टक्क्यांच्या आसपास होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंतांचा प्रादुर्भाव, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, ब-१२ आणि फोलेटची कमतरता ही त्यांतली काही. पण ताटातली डाळ आणि हिरवी भाजी कमी होणे हे त्यांपैकी घरातल्या घरात सुधारता येण्यासारखे कारण आहे.

चार प्रश्नांचे ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिवसभरातील ऊर्जेपैकी धान्यातून येणारा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे त्यांत म्हटले आहे. दोन हजार किलोकॅलरीच्या आहारासाठी दिलेल्या नमुना ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. दूध, दाणे-तेलबिया आणि तेल वेगळे. आपल्याकडच्या नेहमीच्या ताटात नेमके उलटे होते. भात-पोळीचा ढीग असतो, वरण पातळ असते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते.

हे आकडे रोज तराजूवर मोजत कोणी स्वयंपाक करणार नाही. फडताळासमोर उभे राहून चार प्रश्न विचारले तरी पुरे. धान्य कोणते आहे? त्याच्या जोडीला डाळ, कडधान्य किंवा त्यांचे पीठ कोणते? हिरवे काय मिळेल? आणि आंबट काय आहे? या चारांची उत्तरे एका ताटात आली आणि वरून चमचाभर तेलाची फोडणी पडली, की पोषणाच्या दृष्टीने जेवणाचा सांगाडा तयार झाला.

प्रत्येक प्रश्नामागे साधे विज्ञान आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात आणि ती धान्यांत मिळतात. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. खानदेशातली उडीद मिसळलेली कळण्याची भाकरी, अनेक धान्ये आणि डाळी भाजून दळलेली थालीपिठाची भाजणी, मुगाची खिचडी, आमटीत सोडलेली वरणफळे या साऱ्यांत हीच जोडी आहे. अमिनो आम्लांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी ती स्वयंपाकघरात जमून गेली होती.

आंबटाचे कारण लोहात आहे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यांतली फायटेट आणि इतर द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. क जीवनसत्त्व मिळाले, तर लोहाचे रूप बदलून ते आतड्यात शोषले जाण्याची शक्यता वाढते. मात्र क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचे, उकळत्या रश्शात नाही. याउलट चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला अडवतात. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय असेल, तर मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवणे चांगले.

फोडणीचेही काम चवीपुरते नाही. हिरव्या पाल्यातले बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. बिनतेलाची उकडलेली भाजी ‘पथ्याची’ वाटली, तरी तिच्यातले कॅरोटिन नीट पदरात पडत नाही. त्यासाठी थोडेसे तेल पुरते. भाजीवर तेलाचा तवंग दिसण्याची गरज नाही.

पंधरा मिनिटांचे पिठले

उदाहरण म्हणून शेवग्याच्या पाल्याचे पिठले घ्यावे. एका माणसासाठी चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम बेसन थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचे. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, मिरची आणि हळद घालायची. धुतलेला, देठातून ओरबाडलेला दोन मुठी कोवळा पाला त्यात टाकून दोन मिनिटे परतायचा. मग बेसनाचे पाणी आणि मीठ घालून ढवळत राहायचे. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो. गॅस बंद करून वर लिंबू. सोबत बाजरीच्या दोन भाकरी आणि मूठभर भाजलेले दाणे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या सारणीनुसार हिशेब केला, तर १०० ग्रॅम बाजरीचे पीठ, ३० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम पाला आणि १५ ग्रॅम दाणे यांतून सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे निम्मी गरज एका जेवणात भागली. लोह सुमारे ११ मिलिग्रॅम होते. स्त्रियांसाठी रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे, तिच्या तिसऱ्या हिश्शाहून हे थोडे अधिकच. नूडल्सच्या पाकिटात प्रामुख्याने मैदा आणि तेल असते, आणि मसाल्याच्या पुडीत भरपूर मीठ. प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथे एका गैरसमजाचाही समाचार घ्यायला हवा. ‘शेवग्याच्या पाल्यात दुधाच्या सतरापट कॅल्शियम’ असे संदेश सतत फिरत असतात. ती तुलना वाळवलेल्या पाल्याच्या भुकटीशी केलेली असते, आणि १०० ग्रॅम भुकटी कोणी खात नाही. ताज्या पाल्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते दुधाच्या अडीच पटींच्या आसपास जाते. हा आकडाही पुरेसा चांगला आहे. त्यासाठी महागड्या भुकटीची डबी विकत घेण्याचे कारण नाही, कुंपणाचा पाला पुरतो.

प्रदेश बदलला, तरी रीत तीच

शेवगा नसेल तर बेत अडत नाही. दोडका असेल तर मूगडाळ घालून भाजी होते आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते. पडवळाला भिजवलेली हरभरा डाळ चालते. मेथी, मुळ्याचा पाला, कांद्याची पात यांपैकी जे असेल ते पीठ पेरून करता येते. तेवढ्याने थोडी पालेभाजी चार माणसांना पुरते आणि सोबत डाळीची प्रथिनेही येतात. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतात. अंबाडी मुळातच आंबट, त्यामुळे चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच असते. कोकणात भाजी नसेल त्या दिवशी कुळथाचे पिठले होते आणि त्यात आमसूल पडते. गोव्यात लाल माठाची तांबडी भाजी ओल्या खोबऱ्याने पुरवठ्याला येते.

मूठभर मटकी किंवा मूग घरात असतील, तर आदल्या रात्रीची आठवण तेवढी लागते. आठ-दहा तास भिजवून ओल्या फडक्यात बांधलेल्या कडधान्याला दिवसभरात मोड येतात. मोड येताना बियाण्यातले फायटेट कमी होते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. बाजारात भाजी महागलेली असताना मोडाची उसळ ही भाजीचीही उणीव थोडीफार भरून काढते. कडधान्य लवकर शिजावे म्हणून सोडा घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने ब-१, म्हणजे थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. भिजवण्याचा वेळ वाढवावा किंवा कुकर वापरावा.

कुंडीपासून कुंपणापर्यंत

हिरव्याचा प्रश्न सोपा व्हायला परसबाग मदत करते. शेवग्याची फांदी रोवली तरी जगते. अळूला सांडपाण्याचा ओलावा पुरतो, पण ते पाणी आंघोळीचे किंवा भांडी विसळल्याचे असावे, गटाराचे नव्हे. मेथी आणि माठ पसरट कुंडीत तीन-चार आठवड्यांत खुडायला येतात. चार-पाच तास ऊन मिळणारी गॅलरी पूर्ण घराची भाजी पुरवू शकत नाही, पण आठवड्यातल्या एखाद्या ‘भाजी नाही’च्या दिवसाला ती नक्की पुरते.

याचे महत्त्व धोरणांनाही पटलेले आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यात ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतल्या महिलांना परसबागा फुलवण्यासाठी प्रोत्साहन दिले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती भाज्या, वाल आणि धान्यांची देशी बियाणी जपल्याबद्दल. जपून ठेवलेले बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. परसबागेचा खर्च त्यामुळेच कमी राहतो. मात्र योजनेतली बाग उद्घाटनाच्या फोटोपुरती न राहता तिचा पाला शाळेच्या खिचडीत पडतो का, हे पाहणारे कोणी असायला हवे.

सावधगिरी कुठे हवी

हाती लागेल ते खाणे आणि हाताशी असलेले ओळखून वापरणे यांत फरक आहे. दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर पूर्ण फळ टाकून द्यावे. कडू दुधीतल्या कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याने उलट्या, रक्तस्राव आणि क्वचित मृत्यूही ओढवल्याची नोंद आहे. शिजवल्याने ते जात नाही. आपोआप उगवलेल्या वेलांच्या फळांबाबत ही काळजी अधिक घ्यावी.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खवखवतो. भाजीचा अळू निवडून, नीट शिजवून, चिंच किंवा आमसूल घालूनच खावा. मूतखडे वारंवार होणाऱ्यांनी अळू आणि पालक बेताने घ्यावा. काळपट, कुबट किंवा बुरशी दिसणारे दाणे निवडून टाकावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते. बाजरीचे पीठ लवकर खवट आणि कडू होते, म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे. नाल्याकाठी किंवा रेल्वे रुळांलगत उगवलेल्या भाजीत जड धातू असण्याचा धोका असतो. रानभाजी जाणत्याने ओळखून दिल्याशिवाय खाऊ नये.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. शाकाहारी ताटात ब-१२ नसते, ते दूध, दही, ताक किंवा अंड्यातून आणावे लागते. आणि ज्यांचा रक्तक्षय तपासणीत सिद्ध झाला आहे, त्यांना पिठले पुरेसे नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्यायलाच हव्यात. आहाराने पुढची घसरण रोखली जाते, झालेली तूट एकट्या आहाराने लवकर भरत नाही.

कोंड्याचा मांडा कोणी करायचा?

‘कोंड्याचा मांडा करणे’ हा मराठीतला कौतुकाचा वाक्प्रचार आहे. पण ते कौतुक बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला आले आणि त्यासोबत कामही तिच्याच वाट्याला आले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे ते करताना आढळले. नोकरी करून आलेल्या स्त्रीला ‘पाकीट फोडू नकोस, पिठले कर’ असा सल्ला देणे सोपे आहे. पण तो सल्ला ऐकवणाऱ्याला स्वतःला बेसन कालवता येत नसेल, तर त्याला आरोग्यविचार म्हणता येणार नाही. घरातल्या प्रत्येकाला, मुलग्यांनाही, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत एक धान्य, एक डाळ आणि एक पाला यांतून जेवण करता यायला हवे. शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या हाती ते कौशल्य असेल, तर त्यांची पहिली काही वर्षे वडापाव आणि नूडल्सवर जाणार नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्या घरातले डबे खरोखरच रिकामे आहेत, तिथे कौशल्याचा उपदेश क्रूर ठरतो. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, पण डाळ आणि तेल नियमित मिळत नसेल, तर चार प्रश्नांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर त्या घराकडे असते. भरडधान्ये आणि डाळी रेशनवर, अंगणवाडीत आणि शालेय आहारात सातत्याने पोहोचवणे ही शासनाची जबाबदारी आहे. ‘भुकेला कोंडा’ ही म्हण भुकेचे वर्णन करते. ती आहाराचे धोरण होऊ शकत नाही.

पण ज्या घरांत डबे भरलेले आहेत आणि तरीही आठवड्यातून दोनदा ‘काहीच नाही’ म्हटले जाते, त्यांच्यासाठी उपाय जवळ आहे. पुढच्या वेळी हे वाक्य ओठावर आले, की मोबाइल उचलण्याआधी फडताळ उघडावे, कुंपणाकडे किंवा कुंडीकडे एक नजर टाकावी आणि चार प्रश्न विचारावेत. बेसन थंड पाण्यात कालवून होईपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पाला निवडायला घ्यावा. मागवलेला डबा दारात पोहोचायच्या आधी ताट वाढून झालेले असेल.